इंगोले सरांचं एकच फाटक

आमच्या कॉलेजचे इंगोले सर कुठल्याही कार्यक्रमाला गेले, की मंडपात शिरण्याआधी बाहेरच्या गाड्या सरळ करतात. स्वतःची नव्हे, स्वतःची गाडी त्यांच्याकडे नाहीच. लोकांच्या. लग्न असो, साखरपुडा असो, नाहीतर कुणाची तेरवी असो, दारात तिरप्यातारप्या लावलेल्या मोटारसायकली दिसल्या की सरांचे हात शिवशिवायला लागतात. मागचं कॅरिअर धरायचं, चाक उचलायचं, गाडी रांगेत आणून टेकवायची आणि पुढच्या गाडीकडे वळायचं. हँडल लॉक असलं तरी मागचं चाक उचलून गाडी फिरवता येते, ही विद्या त्यांनी कुठे मिळवली कोण जाणे. आमच्या ग्रंथपालांच्या वडिलांच्या तेरवीला सर आत आले तेव्हा शेवटची पंगत उठत होती, आणि दारात गाड्या अशा लागल्या होत्या की येणाऱ्याला वाटावं इथे शोरूम उघडलंय. ग्रंथपाल बिचारे डोळे पुसत म्हणाले, "सर, जेवून तरी घ्यायचं होतं आधी." सर म्हणाले, "वाकड्या गाड्या पाह्यल्यावर घास नाही उतरत ना बावा."

एकदा बाजारात एकाने चोर समजून त्यांची कॉलर धरली. सर डगमगले नाहीत. उलट त्यालाच म्हणाले, "चोर गाडी नेत असते. मी ठेवून राह्यलो. फरक समजते का तुले?" त्या माणसाला फरक समजला की नाही माहीत नाही, पण त्याने कॉलर सोडली आणि सरांनी त्याला त्याची गाडी मधल्या स्टँडवर कशी घ्यायची ते दोनदा करून दाखवलं. मी शेजारी भाजी घेत होते. ओळख दाखवायची माझी हिंमत झाली नाही.

इंगोले सर आमच्याकडे शारीरिक शिक्षणाचे संचालक आहेत. हुद्दा भारदस्त असला तरी सगळं यवतमाळ त्यांना पी.टी.चे सर म्हणतं. मूळचे उमरखेडकडचे, राहायला लोहाऱ्याला. उंच, काटक, बारा महिने ट्रॅकसूट आणि गळ्यात शिट्टी. बोलणं मैदानावरचं, म्हणजे समोरचा हातभर अंतरावर असला तरी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असल्यासारखं. सकाळी ते लोहाऱ्याच्या वळणावर उभे राहतात आणि जो कुणी ओळखीचा थांबेल त्याच्या मागे बसून येतात. बसून गप्प राहतील तर शपथ. "गेर टाक. आता सोड. त्याले जाऊ दे, त्याले घाई हाय." मी एकदाच त्यांना माझ्या मोपेडवर घेतलं. बैलगाडी सहज पुढे गेली असती अशा वेगाने मी चालले होते, तरी कॉलेज येईपर्यंत "ब्रेक, मॅडम, ब्रेक" हा जप थांबला नाही.

तर या माणसाला आमच्या प्राचार्यांनी पार्किंग विस्तार समितीचा अध्यक्ष केलं, आणि मला सचिव. मी राज्यशास्त्र शिकवते. सत्ता कुणाच्या हातात असते आणि राबतं कोण, याचा धडा मला पुस्तकाबाहेर शिकायची काही गरज नव्हती.

पार्किंगची गरज मात्र खरी होती. आमच्याकडची शेड सायकलींच्या काळातली. आता खेड्यापाड्यातून येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीच्या बुडाखाली गाडी आहे. शेड भरली की गाड्या झाडाखाली, झाडाखालची जागा संपली की बाहेर रस्त्यावर, आणि रस्त्यावर लावली की वाहतूक पोलिसांची उचलगाडी हजर. माझी स्वतःची मोपेड माझ्या डोळ्यांदेखत उचलली गेली. साडी नेसून, हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन मी त्या ट्रकमागे दत्त चौकापर्यंत पळाले आहे. त्या दिवशी मी ठरवलं की काहीही होवो, या उन्हाळ्याच्या सुट्टीत पार्किंग झालंच पाहिजे. त्यासाठी सुट्टी लागायच्या आत नकाशा मंजूर व्हायला हवा होता. एकदा का नवे प्रवेश सुरू झाले की आवारात फावडं मारायला जागा मिळणार नाही आणि अख्खं वर्ष परत तेच.

आता पार्किंगचा नकाशा करायला लागतं काय? जागा ठरलेली होती. जिमखान्यापासून मागच्या भिंतीपर्यंतचा पडीक पट्टा. एक तरुण इंजिनिअर आला. त्याने लॅपटॉप उघडला आणि अर्ध्या तासात सांगितलं, "समोरच्या फाटकातून आत यायचं, मागची भिंत फोडून तिथे दुसरं फाटक करायचं, आणि गल्लीतून बाहेर पडायचं. एका बाजूने येणं, दुसऱ्या बाजूने जाणं. कुठे अडणार नाही." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तर मनातल्या मनात पेढे वाटले.

इंगोले सरांनी तोंडातली शिट्टी काढली आणि म्हणाले, "फाटक एकच राहीन."

इंजिनिअरला वाटलं सरांना नकाशा कळला नाही. त्याने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. सरांनी तो दोन बोटांनी मिटवला. "आधी मैदानावर, मंग कागदावर," ते म्हणाले. "फक्की आनतो मी."

फक्की म्हणजे मैदान आखायची पांढरी भुकटी. या फक्कीने पुढचे तीन महिने माझं जे काही केलं ते माझ्या वैऱ्याचंही होऊ नये. सरांचं म्हणणं असं, की खेळाचं मैदान कागदावर बरोबर दिसतं आणि गडी उतरले की लहान पडतं. म्हणून पार्किंग आधी पूर्ण मापात जमिनीवर आखायचं, त्यात गाड्या लावून पाहायच्या, आणि मग कागद. एकदा आखून झालं की सर लांब उभे राहून एक डोळा मिटत आणि म्हणत, "नाही जमून राह्यलं." मग पाण्याचा पाइप लावून सगळं धुऊन टाकत. परत सुतळी, परत टेप, परत फक्की. आमच्या सगळ्यांच्या चपला त्या उन्हाळ्यात पांढऱ्या होत्या.

पहिली तालीम झाली ती गाड्यांशिवाय. खऱ्या गाड्या आणल्या तर मुलांचे तास बुडतील, म्हणून सरांनी प्राध्यापकांनाच गाड्या केलं. "तुमी बुलेट," अर्थशास्त्राच्या आडव्या अंगाच्या सरांना ते म्हणाले. "तुमी स्कुटी. मॅडम, तुमी मोपेड." उपप्राचार्य आणि ग्रंथपाल यांनी एकामागे एक उभं राहून, खांदे धरून, चारचाकी व्हायचं होतं. एक लांब शिट्टी म्हणजे आत या, दोन तोकड्या म्हणजे बाहेर निघा. मी भर दुपारी नसलेलं हँडल धरून चौकटीत शिरले. "मॅडम, आरसा आत घ्या!" सर ओरडले. माझं कोपर रेघेबाहेर गेलं होतं. मग म्हणाले, "साइड स्टँड लावा!" आम्ही सगळे एका पायावर भार देऊन डावीकडे कलून उभे राहिलो. बुलेटला उन्हाने घेरी आली, तेव्हा कुठे सरांनी इंजिन बंद करायची परवानगी दिली.

वरच्या मजल्यावरून मुलं चित्रण करत होती हे आम्हाला नंतर कळलं. संध्याकाळपर्यंत ते गावातल्या प्रत्येक फोनवर पोचलं. माझ्या सासूबाईंनी चष्मा लावून दोनदा पाहिलं आणि म्हणाल्या, "तू बरोबर लाइनीत होतीस वं. थो मागचा जाड्या तिरपा होता." घरात इंगोले सरांचा एक माणूस तयार झाला तो असा.

दुसरी तालीम खो-खोची. सर एका सकाळी माझ्या वर्गाच्या दारातच उभे राहिले. मी मूलभूत हक्क शिकवत होते. "मॅडम, सापडलं!" ते म्हणाले. "खो-खोत गडी कसे बसते? एकाचं तोंड इकडे, एकाचं तिकडे. मंग गाड्या काहून साऱ्या एकाच बाजूले तोंड करून उभ्या राह्यते?" मी म्हटलं, सर, माझा तास चाललाय. "तासच घेऊन राह्यलो ना मी बी," म्हणाले आणि फळ्यावर माझ्या हक्कांवर खो-खोचं मैदान काढलं.

गंमत अशी की कल्पना वेडगळ नव्हती. एक गाडी पुढे तोंड, शेजारची मागे तोंड, अशा लावल्या की हँडलला हँडल अडकत नाही आणि त्याच जागेत जास्त गाड्या मावतात. इंजिनिअरनेसुद्धा मान्य केलं. सरांनी आठवडाभर खऱ्या गाड्या अशा लावून घेतल्या. फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. आमच्याकडची पोरं खो-खो खेळून मोठी झालेली. उलटसुलट तोंडाची रांग दिसली की त्यांच्या अंगात यायचंच. चौथ्या की पाचव्या दिवशी एकाने पळत येऊन "खो!" म्हणत एका गाडीच्या पाठीवर थाप मारली. ती साइड स्टँडवर होती. ती शेजारचीवर गेली, शेजारची पुढचीवर, आणि अख्खी रांग जिमखान्याच्या पायरीपर्यंत लवंडली. आरसे फुटले, इंडिकेटर निखळले, दोन मुली रडायला लागल्या. सर धावत आले, पडलेल्या रांगेकडे पाहिलं आणि त्या पोराला म्हणाले, "फाउल हाय तुहा. खो देताना आवाज आन् हात संगच पायजे."

मी प्राचार्यांकडे गेले. म्हटलं, साहेब, हे आता हाताबाहेर चाललंय. दोन फाटकांचा साधासरळ नकाशा तयार आहे, त्यावर अध्यक्षांची सही तेवढी हवी. प्राचार्य खिडकीबाहेर बघायला लागले. हे प्राचार्य एकेकाळी इंगोले सरांच्या कबड्डी संघात होते. इतकी वर्षं झाली, मोठी खुर्ची मिळाली, तरी सरांची शिट्टी वाजली की त्यांचा हात आपोआप पँट वर सरसावतो. "सर म्हणतात तर काहीतरी असेलच ना, मॅडम," ते म्हणाले. "जरा समजून घ्या त्यांच्याकडून."

समजून काय घेणार? एका फाटकाचं कारण सर दर आठवड्याला नवं द्यायचे. पहिल्यांदा म्हणाले, दुसरं फाटक केलं तर बकऱ्या शिरतील. मी म्हटलं, जाळी लावू. मग म्हणाले, चोरट्यांची सोय होईल. मी म्हटलं, कॅमेरा लावू. मग मागच्या गल्लीतली कुत्री आली, मग वास्तुशास्त्रातली मागची दिशा आली, मग म्हणाले, "दोन फाटकं असली का मानूस घरचा राह्यत नाही ना घाटचा." शेवटी शेवटी तर ते कारणही देईनात. मी नकाशा पुढे केला की खिशातून सुतळी काढून गुंडाळायला लागत. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. माणूस अडाणी असता तर समजून घेतलं असतं. यांना सगळं कळत होतं आणि तरी वळत नव्हतं.

एप्रिल उजाडला. परीक्षा तोंडावर आल्या. सुट्टीत काम सुरू करायचं तर कंत्राटदाराला आता सांगायलाच हवं होतं. एका संध्याकाळी मी नकाशाची गुंडाळी काखेत मारली आणि जिमखान्यात जाऊन बसले. आज सही घेतल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवूनच गेले होते.

जिमखान्याची खोली समोरच्या फाटकाला अगदी लागून आहे. सर दाराबाहेर खुर्ची टाकून बसले होते. मला त्यांनी बाक दिलं. मी नकाशा उलगडला आणि बोलायला सुरुवात केली, तेवढ्यात शेवटचा तास सुटला.

गाड्यांचा लोंढा फाटकाकडे आला. फाटक एकच, त्यामुळे प्रत्येक गाडी आमच्या पुढ्यातून, पाय टेकत टेकत, हळू जात होती. आणि जो तो जाताना सरांकडे बघून म्हणत होता, "येतो सर." "येते सर." सर प्रत्येकाला उत्तर देत होते. "ये." "ये माय." "या रे, सावकाश." तोंडाला दुपट्टा बांधलेल्या, नुसते डोळे दिसणाऱ्या मुलींनाही ते नावाने ओळखत होते. "ये वैशाली. बापाले सांग मी इचारलं म्हनून." मी सांगत होते गल्लीची रुंदी, वळणाची जागा, आणि हा माणूस माझं एक अक्षर ऐकत नव्हता.

"सर, मी बोलतेय," मी चिडून म्हटलं.

"थांबा मॅडम. इतके जाऊ द्या."

सगळे गेले. धूळ खाली बसली. सर अजून फाटकाकडेच बघत होते. मी म्हटलं, "सर, शेवटचं विचारते. बकऱ्या नको, कुत्री नको. दुसऱ्या फाटकाने तुमचं नेमकं काय बिघडतं ते सांगा."

सरांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

"मागून गेले तं मले कोन सांगून जाईन?" ते म्हणाले.

मी नकाशावरून मान वर केली.

"बायको होती तवा सकाळी निघताना मी म्हनो, येतो वं. थे अंदरून म्हने, या. भाकरी थापता थापता. मान वर नाही करे, पन म्हने. आता कुलूप लावतो आन् निघतो. कुलपाले सांगू का, येतो म्हनून?" सर थोडं हसले. "पोरगी पुन्याले हाय. गुनाची हाय, रोज फोन करते. पन फोनवर मानूस 'ठेवते' म्हनते, मॅडम. 'ठेवते बाबा.' येते म्हनून फोनवर कोनी म्हनत नाही. इथं पाहा, सारं कॉलेज मले सांगून जाते. येतो म्हनलं का मानूस उद्या येनार असते. रातभर बरं वाटते मंग."

मी नकाशा गुंडाळला. मला भयंकर राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. बकऱ्यांशी भांडता येतं, चोरांशी भांडता येतं. याच्याशी कसं भांडणार? तीन महिने मी ज्याला हट्ट म्हणत होते त्याच्या आत हे बसलेलं होतं, आणि माणसाने ते तोंडातून काढलं नव्हतं. मी तशीच उठून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी इंजिनिअरला फोन केला. म्हटलं, एकाच फाटकात काही जमतंय का बघा ना. फाटक रुंद करा. तो म्हणाला, "मॅडम, तुम्हीसुद्धा?" फाटकाच्या एका बाजूला जिमखान्याची भिंत, दुसऱ्या बाजूला विजेचं रोहित्र. रुंद करायला वीतभर जागा नव्हती. मला ते आधीपासून माहीत होतं. तरी मी त्याच्याशी वाद घातला. एकेरी येणं-जाणं, घंटा वाजवून, आळीपाळीने, काय वाटेल ते मी सुचवलं. इंगोले सरांच्या संगतीत मी पुरती बिघडले होते.

आणि परीक्षा सुरू झाली. सकाळचा पेपर सुटला, दुपारच्या पेपरची मुलं आत यायला लागली, आणि त्या एकुलत्या एका फाटकात आतल्या गाड्या आणि बाहेरच्या गाड्या नाकाला नाक लावून अडकल्या. दर वर्षी अडकतात. ऊन रणरणत होतं, हॉर्न वाजत होते, सर मध्ये उभे राहून शिट्टीवर शिट्टी मारत होते. तेवढ्यात गर्दीच्या बरोबर मध्यावर वैशाली दिसली. कानाला फोन, आणि चेहरा पांढराफटक. तिच्या वडिलांना शेतात साप चावला होता. गावकरी त्यांना घेऊन सरकारी दवाखान्यात येत होते. तिला तिथे पोचायचं होतं, आणि तिच्या स्कुटीला ना पुढे जागा ना मागे.

सर गर्दीत घुसले. आधी पुढच्यांना ढकलून पाहिलं. कुणी हलायला तयार होतं, पण हलणार कुठे? मग त्यांनी शिट्टी थुंकावी तशी तोंडातून सोडली, वैशालीची गाडी जागच्या जागी उचलून उलटी फिरवली आणि पळत पळत मागच्या भिंतीकडे नेली. मी आणि वैशाली त्यांच्या मागे. व्हॉलीबॉलच्या पोरांना त्यांनी हाका मारल्या. चार जण गल्लीत उडी मारून गेले, बाकीच्यांनी इकडून उचललं, आणि ती गाडी भिंतीवरून पलीकडे उतरवली. वैशालीला हात देऊन चढवलं. ती पलीकडे उतरली, गाडी सुरू झाली आणि ती गेली. कुणाला काही सांगायला तिला कुठला वेळ.

सर भिंतीला हात टेकून धापा टाकत होते. गाडीचा आवाज वळणावर नाहीसा होईपर्यंत ते तसेच उभे राहिले. मग पोरांना म्हणाले, "फक्की आना रे."

त्यांनी मूठभर फक्की घेतली आणि भिंतीवर एक उभी रेघ ओढली. मग बाजूला जाऊन, पावलांनी अंतर मोजून, दुसरी. "इंजिनिअरले सांगा," ते मला म्हणाले, "इथून इथलोक फोडा."

"सर, पण घाई नको," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्याच नकाशाच्या विरुद्ध बोलत होते. "आपण दुसरा काही उपाय काढू. मी बोलते त्याच्याशी. तुमचं काय मग?"

"माह्यं काय?" सर एकदम मैदानाच्या आवाजात ओरडले. "मी का गाडी हाय? लेकरू अडकलं होतं ना तथी! कागद आना, सही करतो."

आणि त्यांनी भिंतीवरच कागद ठेवून सही केली. सहीला फक्की लागली ती लागलीच.

वैशालीचे वडील वाचले. सुट्टीत काम सुरू झालं. सरांनी सुट्टी घेतली नाही. बेचाळीसच्या वर पारा असताना डोक्याला पंचा बांधून ते जमिनीत सिमेंटचे गट्टू बसवणाऱ्या माणसांच्या डोक्यावर उभे असत. एक गट्टू जरा वर आला की काढून परत बसवायला लावत. कंत्राटदार मला फोन करून म्हणायचा, "मॅडम, या सरांले कुठं तरी बाहेरगावी पाठवा ना." मी म्हणायचे, पाठवता आलं असतं तर मी मार्चमध्येच पाठवलं असतं.

कॉलेज उघडलं. पार्किंग देखणं झालं होतं, हे मला कबूल केलंच पाहिजे. जमिनीवर बाण रंगवलेले, समोरून आत, मागून बाहेर. सकाळी मुलं समोरून यायची, पण सकाळी कुणाला सवड असते? उशीर झालेला, डोक्यात हेल्मेट, नजर घड्याळाकडे. आणि संध्याकाळी तास सुटला की सगळ्या गाड्या शिस्तीत मागच्या फाटकातून गल्लीत. पाच मिनिटांत आवार मोकळं. गेल्या वर्षी मी याच दृश्यासाठी देवाला नवस बोलले असते.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मी स्टाफरूमच्या खिडकीतून पाहिलं. जिमखान्याच्या दारात सर खुर्ची टाकून बसले होते. समोरचं फाटक रिकामं. लांबून मागच्या फाटकाकडून गाड्यांचा आवाज येत होता. सर तिकडे बघत नव्हते. मांडीवर हवा भरायची राहिलेला एक व्हॉलीबॉल घेऊन तो उगाच दाबत होते. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मला ते बघवेना.

मी खाली आले, मोपेड काढली आणि बाणाच्या उलट दिशेने सरळ समोरच्या फाटकाकडे निघाले. शिट्टी इतक्या जोरात वाजली की झाडावरचे कावळे उडाले.

"मॅडम! राँग साइड! हे यायाचं फाटक हाय, जायाचं नाही! तुमीच सचिव आन् तुमीच असं करता?"

"सर, मी बाहेर जात नाहीये. फक्त सांगायला आले."

"काय सांगाले?"

"येते."

चेंडू सरांच्या मांडीवरून खाली घरंगळला, तो त्यांनी उचलला नाही. जमिनीवरच्या बाणाकडे पाहिलं, मग माझ्या मोपेडच्या चाकाकडे. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "माघारी फिरा. तिकून जा. नेम म्हंजे नेम."

बस्स, एवढंच. मी गाडी वळवायला लागले. त्यांनीच आखलेल्या त्या नेमक्या रेघांमध्ये ती एका झटक्यात वळेना. पुढे-मागे, पुढे-मागे करावं लागलं. माझे डोळे भरून आले होते आणि डोकंही फिरलं होतं. या माणसाला एकच शब्द बोलायचा होता, वर्षानुवर्षं फाटकातून जाणाऱ्या प्रत्येकाला म्हटलेला, आणि आज मी होऊन दारात आले तर तेवढाही फुटत नाही! मी रागारागाने अख्खं पार्किंग ओलांडलं आणि मागच्या फाटकाच्या तोंडाशी पोचले.

तेव्हा पाठीमागून, गल्लीतल्या माणसांनीही वळून पाहावं अशा आवाजात, आरोळी आली, "या, मॅडम! या!"